झेब्रा आधी कुठे मारायचा? रस्ता ओलांडायच्या जागांची यादी कशी लागते

गावात झेब्रा क्रॉसिंग उगवण्याचे दोन मुहूर्त सगळ्यांना ठाऊक असतात. एक, कुणीतरी गाडीखाली गेल्यावर. दुसरा, मंत्र्यांचा दौरा ठरल्यावर. पहिल्या वेळी लोक रस्ता अडवतात, दुसऱ्या वेळी रातोरात पट्टे मारून होतात. पण पट्टे नेमके त्याच जागी का, हे दोन्ही वेळा कुणी विचारत नाही. शहरात रस्ता ओलांडायच्या जागा शेकड्याने असतात आणि पैसे असतात पाच-दहा जागांपुरते. मग आधी कुठली जागा धरायची? त्याचं एक शास्त्र आहे. फार अवघड नाही, पण त्यात खाचाखोचा आहेत आणि रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ अशा आपल्याकडच्या शहरांना त्या जरा जास्तच नडतात.

आधी विषयाचं वजन सांगतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दिवसाला नव्वद.

मेलेल्यांची यादी

यादी करायची सगळ्यात सरळ पद्धत म्हणजे जिथे अपघात जास्त, तिथे काम आधी. पोलिसांच्या नोंदी काढायच्या, नकाशावर ठिपके मारायचे, जिथे ठिपक्यांची गर्दी ती जागा वर. आता हे ठिपके मारणं सोपंही झालंय. २०२१ पासून अपघाताची नोंद मोबाइलवरच्या ॲपमधून होऊ लागली आहे. पोलीस जागेवर जाऊन माहिती भरतात तेव्हा ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही आपोआप जातात. पूर्वी ‘अमुक नाक्याच्या अलीकडे सुमारे शंभर मीटरवर’ असा पंचनामा असायचा आणि ते अलीकडे म्हणजे कुणाच्या अलीकडे, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

राष्ट्रीय महामार्गांसाठी ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्याही ठरलेली आहे. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा माणसं गेली, तर तो ब्लॅक स्पॉट. एकदा हा शिक्का बसला की पाहणी, आराखडा, निधी हे सगळं हलायला लागतं.

मोठ्या शहरांत ही पद्धत बऱ्यापैकी चालते, कारण अपघात सगळीकडे सारखे विखुरलेले नसतात. सॅन फ्रान्सिस्कोने २०२२ साली आपला नकाशा काढला, तेव्हा शहरातल्या १२ टक्के रस्त्यांवर ६८ टक्के गंभीर आणि जीवघेणे अपघात सापडले. असं चित्र हातात आलं की कुठे पैसे ओतायचे यावर फार वाद घालावा लागत नाही.

आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात मात्र हीच पद्धत आंधळी होते. एखाद्या नगरपरिषदेच्या हद्दीत वर्षभरात पायी चालणाऱ्यांचे गंभीर अपघात मोजके, तेही निरनिराळ्या जागी. एका नाक्यावर एक, शाळेपाशी एक, पुलाच्या तोंडाशी एक. यातली कुठलीच जागा व्याख्येत बसत नाही. शिवाय एवढ्या लहान आकड्यांत नशिबाचा भाग फार मोठा असतो. एका नाक्यावर एका वर्षी तीन अपघात झाले, तर पुढच्या वर्षी काहीही न करता ते एकावर येण्याची शक्यता चांगलीच असते. मधल्या काळात तिथे कुणी पट्टे मारले असतील, तर सगळं श्रेय त्या पट्ट्यांना. बातमी, फोटो, सत्कार. आणि जिथे यंदा योगायोगाने काही झालं नाही ती जागा यादीतून गळते, मग ती कितीही वाईट असो.

यापेक्षाही मोठी खोट दुसरीच आहे. जी जागा इतकी भीतीदायक आहे की तिथून कुणी ओलांडतच नाही, तिथे अपघातही होत नाही. महामार्ग चौपदरी झाल्यावर कितीतरी वाड्यांमध्ये हेच झालं. अलीकडच्या वाडीतली म्हातारी माणसं पलीकडच्या देवळात जायची बंद झाली. चार मिनिटांवरच्या शाळेत पोराला सोडायला बाप बाइक काढू लागला. पोलिसांच्या नकाशावर ती जागा एकदम स्वच्छ, एकही ठिपका नाही. अपघातांच्या यादीने पाहिलं तर तिथे सगळं आलबेल आहे. माझ्या मते फक्त मेलेल्यांवर यादी लावायची नाही, याचं सगळ्यात सबळ कारण हेच.

माणसं गुणिले गाड्या, गुणिले गाड्या

म्हणून दुसरी पद्धत येते, मोजणीची. इंडियन रोड्स काँग्रेस ही आपल्याकडे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था. पादचारी सुविधांसाठी तिची ‘आयआरसी १०३’ नावाची मार्गदर्शिका आहे. तिच्यात मूळ ब्रिटिशांकडून आलेलं एक सूत्र वर्षानुवर्षं आहे. गर्दीच्या तासात किती माणसं ओलांडतात तो आकडा घ्यायचा, त्याच तासात किती गाड्या जातात त्याचा वर्ग करायचा आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उत्तर दहा कोटींच्या वर गेलं, तर तिथे सिग्नलसारखं नियंत्रित क्रॉसिंग हवं असं मानायचं. दुभाजक असेल तर मर्यादा वीस कोटी.

गाड्यांचा वर्ग कशाला? तर गाड्या दुप्पट झाल्या की मधल्या फटी दुपटीहून अधिक झपाट्याने आटतात. माणसं दुप्पट झाली तर उत्तर दुप्पट होतं, गाड्या दुप्पट झाल्या तर चौपट.

एक काल्पनिक गाव घेऊ. त्यात तीन जागा. पहिली मच्छीबाजाराची गल्ली: सकाळच्या तासाला ९०० माणसं, २०० गाड्या. दोनशेचा वर्ग चाळीस हजार, गुणिले ९००, उत्तर ३ कोटी ६० लाख. दुसरी एसटी स्टँडसमोरची: ६०० माणसं, ५०० गाड्या. उत्तर १५ कोटी. तिसरी गावाबाहेर महामार्गावर, शाळेसमोर: ६० पोरं, १,२०० गाड्या. उत्तर ८ कोटी ६४ लाख.

सूत्र म्हणतं, एसटी स्टँड पास, मच्छीबाजार नापास, शाळाही नापास. शाळेसमोर दुभाजक आहे, म्हणजे मर्यादा वीस कोटी, म्हणजे ती निम्म्यापर्यंतसुद्धा पोचत नाही.

आता यातल्या कुठल्या जागेमुळे रात्री झोप उडेल, ते तुम्हीच सांगा. मच्छीबाजारात गाड्या माणसांच्या मागून रांगत असतात. तिथे लागलं तर पायावरून चाक जाईल, टोपली सांडेल, शिव्या ऐकायला मिळतील. शाळेसमोर ट्रक सत्तरने येतो. त्यात ती साठ पोरं तासभर आरामात एकेक करून ओलांडत नाहीत, घंटा झाली की दहा मिनिटांत सगळी एकदम रस्त्यावर येतात. तासाच्या सरासरीत ती दहा मिनिटं विरघळून जातात.

मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. म्हणून सूत्राच्या जोडीला आणखी निकष दिलेले आहेत: येणाऱ्या गाड्यांचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या वर असणं, लोकांना फारच वेळ थांबावं लागणं, वर्षाला पाच किंवा जास्त पादचारी जखमी होणं. शाळेसमोरची जागा वेगाच्या निकषावर पास होते. पण अनुभव असा की फाइलमध्ये गुणाकार तेवढा लावला जातो आणि ‘निकषात बसत नाही’ असा शेरा पडतो. बाकीचे निकष आपणच बोट ठेवून दाखवावे लागतात.

आणि मोजणी कधी केली, हाही कोकणात मोठा प्रश्न. ऑगस्टमधल्या मुसळधार मंगळवारी केलेली मोजणी आणि गणपतीला चाकरमानी उतरल्यावर केलेली मोजणी, एकाच नाक्याची आहे असं वाटणार नाही. मे महिन्यात आंब्याच्या गाड्या आणि पर्यटक असतात, पण शाळा बंद. शिमग्याला पालख्याच रस्त्यावर. साधा आठवड्याचा दिवस, आठवडा बाजाराचा दिवस आणि हंगामातला एक दिवस अशा तीन मोजण्या असतील तर काहीतरी खरं चित्र येतं.

वेग, वेग आणि वेग

यादी लावताना एकच गोष्ट बघता येणार असेल, तर मी वेग बघेन. कारण टक्कर होणं आणि माणूस मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामधलं अंतर वेग ठरवतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडीची धडक ५० ऐवजी ६५ किलोमीटरच्या वेगाने बसली, तर पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण चार टक्क्यांनी वाढतो.

हिशोब करून बघा. ताशी ५० ने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. समोर माणूस आला हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, असं धरू. तेवढ्यात १४ मीटर संपले, ब्रेक अजून लागायचाय. कोरड्या रस्त्यावर पुढे आणखी १४ मीटर लागतात. ताशी ३० ने जाणारी गाडी एकूण १३ मीटरच्या आसपास पूर्ण थांबते. माणूस वीस मीटरवर रस्त्यात उतरला, तर ३० ची गाडी त्याच्या सात मीटर अलीकडे उभी असते आणि ५० ची गाडी त्याला जवळजवळ ४० च्या वेगाने धडकते. दोघांनीही ब्रेक एकाच क्षणी दाबलेला असतो.

हे कोरड्या रस्त्याचं. ओल्यावर ब्रेकची पकड निम्म्याच्या आसपास येऊ शकते. मग ५० ला थांबायला चाळीस मीटरच्या घरात अंतर लागतं. आणि आपल्याकडे वर्षातले चार महिने रस्ता ओलाच.

आता हेच ओलांडणाऱ्याच्या बाजूने बघू. सात मीटर रुंदीचा साधा दुपदरी रस्ता. इंजिनिअर लोक चालायचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे सहा सेकंद. पण डोक्यावर पाटी, हातात पिशवी आणि गुडघे दुखणारी बाई असेल तर ०.८ मीटर धरा. तिला नऊ सेकंद लागतात. नऊ सेकंदांत ५० ची गाडी सव्वाशे मीटर येते. म्हणजे त्या बाईला सव्वाशे मीटर लांबची गाडी दिसायला हवी, तिचा वेग जोखता यायला हवा आणि मग पाऊल टाकायला हवं. आपल्या रस्त्यांवर सव्वाशे मीटर सरळ दिसतं कुठे? अलीकडे वळण, पलीकडे चढाव, मध्ये जांभ्याचा गडगा आणि त्यावरून झुकलेलं काजूचं झाड. बाईचा अंदाज चुकत नाही, तिला अंदाज बांधायला काही दिसतच नाही.

म्हणून चांगल्या यादीत दृष्टीच्या टप्प्याला वेगळे गुण असतात. आणि ते सुधारणं फुकटाच्या जवळपास असतं. झाडाची फांदी तोडणं, क्रॉसिंगच्या तोंडाशी लागणारा वडापचा टेम्पो पाच-सहा मीटर मागे नेणं, जाहिरातीचा फलक काढणं. (शेवटचं फुकट असलं तरी सोपं नाही. फलकावर वाढदिवस कुणाचा आहे त्यावर ते अवलंबून असतं.) अमेरिकेतल्या होबोकन या दाटीवाटीच्या छोट्या शहराने क्रॉसिंगच्या कोपऱ्यांजवळची पार्किंग हटवण्याचा सपाटा लावला. सोबत इतरही उपाय केले, वेगमर्यादा उतरवली. २०१७ सालच्या जानेवारीनंतर कित्येक वर्षं तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही.

नुसते पट्टे मारून काय होतं

इथे एक उलटी वाटणारी गोष्ट सांगायला हवी. चार्ल्स झेगीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३० शहरांत पट्टे मारलेली १,००० आणि पट्टे नसलेली १,००० क्रॉसिंग तपासली. अंतिम अहवाल २००५ सालचा. दुपदरी रस्त्यांवर पट्टे असण्या-नसण्याने अपघातांत विशेष फरक दिसला नाही. पण जास्त पदरी आणि दिवसाला १२,००० हून जास्त गाड्यांच्या रस्त्यांवर, जिथे सिग्नल, दुभाजक असं काहीच नव्हतं, तिथे नुसते पट्टे मारलेल्या जागी अपघातांचं प्रमाण उलट जास्त निघालं.

असं का व्हावं? चौपदरीवर एका बाजूला दोन लेन असतात. पहिल्या लेनमधली एसटी भल्या मनाने थांबते. माणूस तिच्या पुढून निघतो. पलीकडच्या लेनमधून येणाऱ्या कारवाल्याला दिसते ती फक्त उभी एसटी. तिच्या आडून माणूस बाहेर येतोय हे त्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पट्ट्यांनी माणसाला रस्त्यात यायचं धैर्य दिलं, गाडीचा वेग मात्र कमी केला नाही.

मुंबई-गोवा महामार्गावरचे तिठे डोळ्यांसमोर आणा. हातखंब्याला रत्नागिरीकडे वळायचं, तळेऱ्याला विजयदुर्ग किंवा गगनबावड्याकडे, कसालला मालवणकडे, झारापला सावंतवाडीकडे. लांब पल्ल्याच्या गाडीतून माणूस एका बाजूला उतरतो आणि गावची गाडी पकडायला त्याला दुसरी बाजू गाठायची असते. हातात बॅगा, कडेवर पोर. अशा ठिकाणी नुसते पट्टे मारून ‘काम पूर्ण’ लिहिणं म्हणजे धोका वाढवून पावती घेणं.

मग काय करायचं? दुभाजकात माणसाला सुरक्षित उभं राहता येईल अशी जागा ठेवायची, म्हणजे एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघून अर्धा रस्ता ओलांडता येतो. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाच्या म्हणण्याप्रमाणे अशा जागेने पादचारी अपघात ५६ टक्क्यांपर्यंत घटू शकतात. चौकात उजेडाचे दिवे लावले तर रात्रीचे, माणूस जखमी होणारे पादचारी अपघात ४२ टक्क्यांपर्यंत. हे तिकडचे आकडे, आपल्याकडे तस्सेच लागू होतील असं नाही, पण कुठला उपाय दमदार आणि कुठला लटका याचा अंदाज येतो. दिवा लावतानाही तो क्रॉसिंगच्या बरोबर डोक्यावर नको, गाडी येते त्या बाजूला थोडा अलीकडे हवा. डोक्यावर असला तर माणसाचा नुसता काळा आकार दिसतो. अलीकडे असला तर चेहरा, कपडे उजळतात.

शहरातल्या रस्त्यांवर उंचावलेलं क्रॉसिंग मला सगळ्यात आवडतं. पूर्ण क्रॉसिंगच सपाट गतिरोधकासारखं उचललेलं. ड्रायव्हरचा स्वभाव कसाही असो, गाडी हळू होतेच. फक्त ते नियमात करावं. गोलाकार गतिरोधकासाठी आयआरसीचं माप आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, २५ च्या वेगाने आरामात पार होईल असं. आपल्याकडे रात्रीत डांबराचा ढीग ओतून जे करतात, त्यावर रिक्षातली बाळंतीण काय भोगते ते तिलाच माहीत.

पादचारी पुलाबद्दल थोडक्यात. खर्चिक, उद्घाटनाला देखणा, वापराला ओसाड. पन्नास पायऱ्या चढून पन्नास उतरायच्या, तेही सामान घेऊन, हे लोक करत नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही. जिथे गाड्यांना खरंच थांबवता येत नाही, तिथे रस्त्याखालून सपाट वाट बरी.

पावसाचा हिशोब यादीत हवा

पुस्तकातल्या पद्धती कोरड्या प्रदेशांत बनल्या की काय, असं कधी कधी वाटतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. झेब्राचे पांढरे पट्टे रात्री चमकतात ते त्यात मिसळलेल्या काचेच्या बारीक मण्यांमुळे. हे मणी हेडलाइटचा उजेड परत ड्रायव्हरकडे पाठवतात. वर पाण्याचा थर बसला की मणी बुडतात, उजेड भलतीकडे जातो आणि ड्रायव्हरला पट्टे दिसेनासे होतात. म्हणजे त्यांची सगळ्यात जास्त गरज असते, नेमके तेव्हाच.

त्यात आपली लाल माती. चढावरून येणाऱ्या पाखाडीच्या तोंडाशी क्रॉसिंग असेल, तर पहिल्या दोन पावसांत पट्ट्यांवर जांभ्याचा गाळ पसरतो. जुलैपर्यंत तिथे झेब्रा होता हे सांगावं लागतं. गाळ येतो कारण गटार तुंबलेलं असतं. गटार तुंबलं म्हणून कडेला पाणी साचतं, पाणी साचलं म्हणून माणसं कडा सोडून रस्त्याच्या मध्यावर चालतात. क्रॉसिंगच्या अंदाजपत्रकात गटाराची जाळी आणि दोन मीटर मोरी धरली नाही, तर पट्ट्यांचा खर्च जून-जुलैत वाहून जातो. शिवाय गरम करून लावायचा थर्मोप्लास्टिक रंग ओल्या डांबरावर धरत नाही. कामाचा हंगाम नोव्हेंबर ते मे. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मारलेले पट्टे कशासाठी मारलेत हे सगळे ओळखून असतात.

गुण कोण देतं

आता हे सगळं एकत्र कसं करायचं? बऱ्याच शहरांत, विशेषतः अमेरिकेत, प्रत्येक जागेला गुण देतात. झालेले अपघात, गाड्यांचा वेग, लेन किती, जवळ शाळा, दवाखाना, बसथांबा आहे का, तिथून ओलांडणाऱ्यांत मुलं-म्हातारी किती, पुढचं क्रॉसिंग किती लांब. बेरीज करायची, उतरत्या क्रमाने लावायची, आणि उपायाचा खर्च बघून वरून कामं घ्यायची.

कागदावर हे निःपक्षपाती दिसतं, पण कशाला किती गुण द्यायचे हे कुठलंच गणित सांगत नाही. अपघातांना ५० गुण दिले तर एसटी स्टँड पहिला येतो, वेग आणि मुलांना ५० दिले तर शाळा. ते ठरवणं हा सरळसरळ राजकीय निर्णय आहे, आणि तो उघड सभेत व्हावा. तक्रारींच्या संख्येला गुण देणाऱ्या पद्धतीपासून तर सावधच राहावं. ज्या आळीत निवृत्त मास्तर आणि वकील राहतात तिथून अर्ज येतात. कामगारांच्या वस्तीतून, परप्रांतीय खलाशांच्या खोल्यांतून येत नाहीत. रस्ता ते जास्त ओलांडतात.

मला विचाराल तर छोट्या गावाने एक यादी न करता दोन कराव्यात. एक स्वस्त कामांची: फांद्या, पार्किंग, दिवा, पट्टे, गटाराची जाळी. ती गुणांच्या भानगडीत न पडता एका हंगामात सगळीकडे उरकून टाकावी. दुसरी जड कामांची, तिथे काय ते गुण.

पण रस्ता कुणाचा?

इथे भले भले थकतात. तुमच्या घरासमोरचा रस्ता नगरपरिषदेचा असेलच असं नाही. तो सार्वजनिक बांधकाम खात्याचा असू शकतो, जिल्हा परिषदेचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असू शकतो. एकाच बाजारपेठेत अर्धा रस्ता एकाचा आणि पुढचा दुसऱ्याचा असतो, दिवे तिसऱ्याचे. नगरपरिषदेने कितीही सुंदर यादी केली तरी सगळ्यात धोकादायक पाच जागा बहुधा तिच्या ताब्यातच नसतात. अर्ज दिला की उत्तर येतं, ‘सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ कुणाच्या येतो, ते लिहिलेलं नसतं.

यावर तोड म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. पोलीस, आरटीओ, बांधकाम खातं, महामार्गवाले असे सगळे एका टेबलाशी बसतात, म्हणून अर्जाची एक प्रत तिथे जायलाच हवी. कायद्याचंही थोडं पाठबळ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे. पण ‘मानक’ हा शब्द अर्जात आला की साहेब चष्मा लावून वाचतात. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोग्या पदपथांचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं, त्याचाही उल्लेख करावा.

आपली जागा यादीत कशी घालायची

‘येथे वारंवार अपघात होतात, तरी झेब्रा क्रॉसिंग मिळावे ही नम्र विनंती’ असा अर्ज फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. त्याऐवजी आकडे द्या. यंत्र लागत नाही. वही, पेन, मोबाइलमधलं घड्याळ आणि पंचवीस मीटरची टेप पुरते.

गर्दीच्या तासाला दोघं उभे राहा. एक माणसं मोजेल, दुसरा गाड्या, दर पाच मिनिटांनी वेगळी ओळ, म्हणजे घंटेनंतरची ती दहा मिनिटं वेगळी दिसतील. मुलं, म्हातारी, ओझं घेतलेली अशी खूण करत जा. वेगासाठी रस्त्याकडेला पन्नास मीटरवर दोन खुणा करा आणि गाडी एका खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंदांत जाते ते बघा. ३.६ सेकंद म्हणजे ताशी ५०, अडीच सेकंद म्हणजे ७२. तीस-चाळीस गाड्या मोजल्या तर कुणी ‘अंदाजे’ म्हणू शकत नाही. रस्त्यात उभं राहून मात्र काही करू नका.

आणि हुकलेले अपघात लिहा. करकचून ब्रेक लागला, माणूस उडी मारून मागे आला, बाइकवाला दुभाजकाला घासून गेला, असं काही. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात याच गोष्टी शिस्तीत मोजायची पद्धत विकसित झाली. अपघात वर्षातून एकदा होतो, पण हुकलेले अपघात एका सकाळीही चार-पाच दिसू शकतात. छोट्या गावातल्या आकड्यांच्या दुष्काळावर याहून चांगला इलाज मला माहीत नाही. डांबरावरचे टायर घासल्याचे काळे पट्टे, दुभाजकातलं तुटलेलं रेलिंग, त्यातून पडलेली पायवाट, सगळ्याचे फोटो काढा. जिथे लोकांनी दुभाजक फोडून वाट केली आहे, तिथेच लोकांना ओलांडायचंय. त्या वाटेपासून शंभर मीटरवर केलेलं क्रॉसिंग रिकामंच राहणार.

अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या. नगरपरिषदेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या आसपास ठरतं, त्याआधी जागा चर्चेत यायला हवी. काम झालं की पुन्हा जाऊन तेच सगळं मोजा, म्हणजे उपाय लागू पडला की नुसता रंग चढला ते कळेल. फक्त तोच महिना आणि तोच वार धरा. आधीची मोजणी जानेवारीतली आणि नंतरची मे महिन्यातली असेल, तर शाळा बंद आणि मुंबईच्या गाड्या हजर, अशात त्या दोन आकड्यांवरून कुणालाही काहीही सिद्ध करता येईल.